जपानी भाषा-प्रावीण्य परीक्षा

मातृभाषा जपानी नसलेल्या व्यक्तींचे त्या भाषेवरील प्रभुत्व मोजणारी प्रमाणित परीक्षा. जपानीत तिला ‘निहोंगो नोर्योकु शिकेन’ असे म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत एक लाख परदेशी विद्यार्थी सामावून घेण्याची योजना जपानी शासनाने १९८३ मध्ये पुढे आणली. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, ‘जपान फाउंडेशन’ (स्थापना १९७२) व परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणारी एक जपानी संस्था यांनी ही परीक्षा सुरू केली. पहिल्या वर्षी १५ देशांतून सु. ७,००० परीक्षार्थी बसले; २००९ मध्ये ही संख्या साडेसात लाखांवर गेली. जपानी विद्यापीठांतील प्रवेशासाठी २००२ पासून स्वतंत्र परीक्षा घेतली जाऊ लागली.

प्रारंभी परीक्षेचे चार स्तर होते. सर्वांत खालच्या चौथ्या स्तरास सु. १०० चित्रलिपिचिन्हे (कांजी) व ८०० शब्द, तर पहिल्यास सु. २,००० चिन्हे व १०,००० शब्द अपेक्षित असत. तिसऱ्या व दुसऱ्या स्तरांतील अंतर फार मोठे असल्याने २०१० मध्ये ‘एन ५’ ते ‘एन १’ असे पाच चढते स्तर करण्यात आले. एकूण गुण १८० असून उत्तीर्णतेस ‘एन ५’ साठी ८०, ‘एन ४’ साठी ९० व ‘एन १’ साठी १०० गुण लागतात; शिवाय प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावे लागतात. शब्दसंपत्ती, व्याकरण, वाचन व श्रवण यांची कसोटी बहुपर्यायी प्रश्नांनी घेतली जाते.

महाराष्ट्रात जपानीच्या अध्ययनाचे प्रमुख केंद्र पुणे होय. तेथील विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग व टिळक महाराष्ट्र विद्यापीठ यांत ही भाषा शिकविली जाते. पुण्यातील जपानी शिक्षकांच्या संघटनेने परीक्षेच्या आयोजनाचा भार वाहिला आहे. मराठी भाषकास या भाषेची वाक्यरचना परकी वाटत नाही. दोहोंत क्रियापद शेवटी येते आणि ‘ला’, ‘ने’, ‘त’ यांसारखे संबंधदर्शक घटक नामानंतर येतात. खरी अडचण कांजी लिपीची असते.

परीक्षेचे महत्त्व आता उच्च शिक्षणापुरते राहिलेले नाही. एप्रिल २०१९ मध्ये जपानने विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसाठी नवा प्रवेश-परवाना सुरू केला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी त्याविषयी सहकार्यकरार केला. या परवान्याच्या क्षेत्रांत मत्स्यव्यवसायही येतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे कौशल्यपरीक्षेबरोबरच ‘एन ४’ किंवा तत्सम भाषापरीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. त्यामुळे मालवण, वेंगुर्ले, देवगड अशा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मच्छीमार वस्त्यांनाही हा विषय दूरचा नाही. मात्र महाराष्ट्रातील जुनी परीक्षाकेंद्रे मुंबई व पुणे येथे असल्याने किनारपट्टीवरील विद्यार्थ्यास शिक्षणाबरोबर प्रवासाचा व निवासाचा खर्चही सोसावा लागत आला आहे.

या परीक्षेत संभाषण व लेखन यांची चाचणी नसते, ही तिची प्रमुख मर्यादा. पर्याय ओळखणारा परीक्षार्थी बोलूही शकेलच असे नाही. नौकेवर दिलेली सूचना ऐकून तिला तत्काळ उत्तर द्यावे लागते. तेथे संकोचाने होणारा विलंबही धोक्याचा ठरू शकतो. म्हणून प्रमाणपत्र हे भाषाज्ञानाचे विश्वसनीय मोजमाप असले, तरी परदेशी कामास निघणाऱ्याने संभाषणाचा स्वतंत्र अभ्यास करणे अत्यावश्यक ठरते.