पेशी डीएनएची नक्कल कशी करते?

बोट कापलं की काही दिवसांत तिथे नवी त्वचा येते. ती जुन्या पेशींच्या विभाजनातून तयार होते. पण एका पेशीच्या दोन होण्याआधी तिला आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल करावी लागते. माणसाच्या एका पेशीत साधारण २ मीटर लांबीचा डीएनए असतो. त्यात अक्षरांच्या सुमारे ६०० कोटी जोड्या असतात.

नक्कल होते कशी?

डीएनए ही पीळ दिलेल्या शिडीसारखी रचना आहे. प्रत्येक पायरी दोन अक्षरांची असते: ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’. त्यामुळे एक बाजू मिळाली की दुसरी आपोआप ठरते.

हेलिकेज नावाचं विकर ही शिडी मधोमध उकलतं. मग डीएनए पॉलिमरेज प्रत्येक जुन्या धाग्यासमोर योग्य अक्षरं जोडत जातं. ते एकाच दिशेने काम करू शकतं, म्हणून एक नवा धागा सलग बनतो, तर दुसरा तुकड्यातुकड्यांनी. हे तुकडे रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानी दांपत्याने १९६०च्या दशकात शोधले. लायगेज हे विकर ते सांधतं. शेवटी दोन्ही प्रतींमध्ये एक धागा जुना आणि एक नवा असतो. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ साली जिवाणूंवरील प्रयोगातून हे दाखवून दिलं.

वेळ किती लागतो?

मानवी पेशीत सेकंदाला सुमारे ५० अक्षरं जोडली जातात. एकाच टोकापासून सुरुवात केली, तर सर्वांत मोठ्या गुणसूत्रालाच जवळपास दोन महिने लागतील. म्हणून हजारो ठिकाणी एकाच वेळी काम सुरू होतं आणि साधारण ८ तासांत संपतं.

चूक झाली तर?

पॉलिमरेज चुकीचं अक्षर काढून टाकतं. त्यातून सुटलेल्या चुका दुरुस्ती यंत्रणा पकडते. त्यामुळे १०० कोटी अक्षरांत साधारण एखादीच चूक उरते. ही दुरुस्ती करणाऱ्या जनुकांपैकी एखाद्यात जन्मतः दोष असेल, तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा व्यक्तींना मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका बराच जास्त असतो. घरात कमी वयात असे कर्करोग झालेले असतील, तर डॉक्टरांना ते जरूर सांगावं. जनुकीय चाचणी आणि नियमित कोलोनोस्कोपीमुळे आजार लवकर सापडू शकतो.

केमोथेरपीची काही औषधं हीच नक्कल रोखतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर विभाजित होतात, म्हणून उपचारांत अनेकदा केस गळतात.