बोरघाटांतील संसार

लोहमार्गाच्या इतिहासांत पूल व बोगदे मोजण्यांत येतात. चुली कोणी मोजीत नाहीं. बोरघाटाचें काम १८५६ सालीं सुरू झालें. १८६१ मध्यें तेथें ४०,००० हून अधिक माणसें राबत होतीं. पुरुष सुरुंग लावून खडक फोडीत, स्त्रिया पाट्यांतून दगडमाती वाहत आणि मुलेंही हाताशीं असत. संसार गवतापानांच्या झोपडींत. पाऊस लागला कीं काम थांबे, आणि बिऱ्हाड डोक्यावर घेऊन गांवची वाट धरावी लागे. पटकीच्या सांथींत कित्येक झोपड्या ओस पडल्या.

१८५९ मध्यें ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथें आल्यावर थोड्याच काळांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनीं ठेका सोडला नाहीं. दोन अनुभवी व्यवस्थापकांवर देखरेख सोंपवून काम तडीस नेलें. एप्रिल १८६३ मध्यें घाट खुला झाला. त्या बाईंचें नांव इतिहासांत राहिलें. पाटी वाहणाऱ्या आयाबहिणींचें राहिलें नाहीं.

म्हणून ज्ञातिबंधु-भगिनींस आमची विनंती एवढीच, कीं ज्या घरीं पणजी-आजीकडून रेल्वेच्या कामाच्या आठवणी चालत आल्या असतील, त्यांनीं त्या लिहून ठेवाव्या. आपल्या घरचा इतिहास दुसरा कोण लिहिणार?