आठ अक्षरांचा पत्ता

जुना एअरपोर्ट रोड दोमलूरहून निघतो, कोडिहळ्ळी आणि मुरुगेशपाळ्या मागे टाकतो, एचएएलच्या लांबलचक भिंतीला लागून चालतो आणि मारतहळ्ळीला आउटर रिंग रोडला येऊन मिळतो. बंगळूरच्या आयटीचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक सिटीपासून सुरुवात करतात. माझ्या धंद्याचा इतिहास या रस्त्यावरचा आहे. इथल्या गोल्डन एन्क्लेव्हमध्ये टाटा इन्फर्मेशन सिस्टिम्सचं, म्हणजे ‘टीआयएसएल’चं कार्यालय होतं. परकीय भागभांडवल ४० टक्क्यांवर आणायची फेरा कायद्याची अट मान्य नव्हती म्हणून आयबीएम १९७८ साली भारतातून निघून गेली. तिच्या मागे राहिलेल्या मशिनांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीने केली. १९९२ साली टाटांशी भागीदारी करून आयबीएम परतली, आणि तिने विकायला आणलेल्या मालात एएस/४०० होतं. मी मिरजेहून बंगळूरला आले ती या मशीनच्या मागे. मारतहळ्ळीत खोली घेतली, कारण ऑफिसची बस ब्रिजवर मिळायची. तेव्हा विमानतळ याच रस्त्यावर होता आणि विमानं डोक्यावरून इतकी खालून जायची की फोनवर बोलणं थांबवावं लागे. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि ते बंद झालं.

एएस/४०० जाहीर झालं २१ जून १९८८ रोजी. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टर गावी ते घडलं, गावातल्या तळ्यावरून प्रकल्पाचं नाव ‘सिल्व्हरलेक’. सिस्टिम/३६ आणि सिस्टिम/३८ ही आधीची दोन घराणी त्यात एकत्र आली. डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिममध्येच बसवलेला, त्यामुळे कारखाना, गोदाम, विमा कंपनी, बँक यांचा सगळा हिशेब या एका पेटीत राहायचा आणि सांभाळायला एखाद-दोन माणसं पुरायची. पुढे आयबीएमने त्याला आयसीरीज म्हटलं, मग सिस्टिम आय, आणि २००८ पासून पॉवर सर्व्हरवरचं आयबीएम आय. आम्ही मात्र आजही एएस/४००च म्हणतो.

या मशीनवरून ईमेल बाहेर पाठवायची व्यवस्था लावणं हे माझं आवडीचं काम. वरवर पाहता ते चार स्क्रीन भरण्याचं काम आहे. पण त्या चार स्क्रीनवर चार वेगवेगळ्या दशकांतली माणसं बोलत असतात, आणि ती काय बोलतात हे ज्याला कळतं त्याचीच मेल जाते, असा माझा अनुभव आहे.

इंटरनेट येण्याआधीही हे मशीन पत्रं धाडत होतंच. त्या व्यवस्थेचं नाव स्नॅड्स. एका एएस/४००वरून दुसऱ्या एएस/४००वर, लीज्ड लाइनीवरून, मुक्काम करत करत पत्र जायचं. त्यासाठी मशीनमध्ये सिस्टिम डिरेक्टरी असते. त्यात प्रत्येकाची नोंद, आणि पत्त्याचे दोन भाग: पहिला माणसाचा, दुसरा ठिकाणाचा. प्रत्येक भागाला जास्तीत जास्त आठ रोमन अक्षरं. कुलकर्णी आठ अक्षरांत बरोबर बसतात, देशमुखही बसतात. देशपांडे नऊ होतात, म्हणून त्यांचं शेवटचं अक्षर कापावं लागतं. माझ्या पहिल्या सीनियरांनी, ते सोलापूरचे, मला ही डिरेक्टरी दाखवताना सांगितलं होतं, ‘अगं, आधी मशीनला माणूस ओळखू दे, मग पत्र धाड.’ एसएमटीपीबद्दल, म्हणजे इंटरनेटवर ईमेल पोचवायच्या नियमाबद्दल, मला इतकं नेमकं पुढे कुणीच सांगितलं नाही.

एसएमटीपीची जन्मकथा अगदी वेगळी. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये तो नियम लिहून काढला. विद्यापीठांतल्या, एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या मशिनांसाठी तो होता. पाठवणारा खरा कोण हे पडताळायची त्यात सोयच नव्हती. आपल्याकडे जुहूच्या एनसीएसटीतून अर्नेटवरची ईमेल ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बाहेरच्या जगाशी जोडली गेली, पण ती संशोधकांची. कंपन्यांना आणि घरांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलकडून. त्याच सुमाराला, १९९४ च्या व्ही३आर१ आवृत्तीत, रोचेस्टरवाल्यांनी एएस/४००मध्ये मेल सर्व्हर फ्रेमवर्क आणलं. जुनी स्नॅड्स आणि नवा एसएमटीपी या दोघांची पत्रं हातात घेऊन कुठली कुणाकडे द्यायची हे ठरवणारी ही यंत्रणा. आयबीएमने स्नॅड्स मोडली नाही, तिच्यावरच नवा मजला चढवला. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. ज्या कारखान्यांचे प्रोग्रॅम जुन्या पद्धतीने निरोप पाठवत होते त्यांतला एकही बंद पडला नाही.

पण मजला चढवताना एक पेच आला. ईमेलचा पत्ता लांब, आणि डिरेक्टरीत जागा आठ-आठ अक्षरांचीच. त्यावरचा तोडगा असा: डिरेक्टरीत ‘इंटरनेट गेटवे’ नावाचा एक माणूसच नोंदवायचा. इंटरनेट हा त्याचा युजर आयडी, रोमनमध्ये बरोबर आठ अक्षरं; गेटवे हा पत्ता, सात अक्षरं. मग वितरणाच्या गुणधर्मांत सांगायचं की बाहेरची पत्रं या गृहस्थाकडे द्या. असा कुणी माणूस नाही, त्याच्या नावाने कुणी साइन-ऑन करत नाही, पण कित्येक मशिनांची सगळी बाहेरची टपाल त्याच्या नावावर गेली. पुढच्या आवृत्त्यांत पत्र धाडायच्या एसएनडीडीएसटी कमांडमध्येच ईमेल पत्ता टाकायची सोय झाली, तरी जुन्या मशीनची डिरेक्टरी उघडली की हा गृहस्थ हमखास भेटतो.

प्रत्यक्ष काम असं चालतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. सीएफजीटीसीपी टाइप केलं की यादी येते. १२व्या पर्यायात मशीनचं नाव, डोमेन आणि डीएनएस सर्व्हर. १०व्या पर्यायात होस्ट टेबल, तिथे मशीनचं नाव दोन्ही प्रकारे लिहायचं, नुसतं आणि डोमेनसकट. स्वतःचं नाव स्वतःला सापडलं नाही तर एसएमटीपी अडून बसतो. मग सीएचजीएसएमटीपीए आणि एफ४. तिथे मेल राउटरच्या जागी कंपनीच्या मुख्य मेल सर्व्हरचं नाव भरायचं, आणि फायरवॉलच्या जागी ‘येस’. अर्ध्या लोकांची गाडी इथे अडते. राउटर भरतात, फायरवॉल ‘नो’च राहू देतात, मग मशीन आधी स्वतःच जगभर पत्ते शोधत फिरतं आणि बाहेर दार बंद असल्यामुळे पत्रं रांगेत पडून राहतात. शेवटी फ्रेमवर्क सुरू करायचं, एसएमटीपी सुरू करायचा, आणि ज्या युजरच्या नावाने रात्रीचा जॉब चालतो त्याची डिरेक्टरीत नोंद आहे ना ते पाहायचं.

आणखी दोन गोष्टी आमच्यासारख्यांनाच नडतात. हे मशीन अक्षरं एबसीडिकमध्ये साठवतं, बाहेरचं जग आस्कीमध्ये. पत्त्यातलं ॲटचं चिन्ह आस्कीत षोडशमान ४०. एबसीडिकमध्ये ४० म्हणजे कोरी जागा, आणि ॲट असतं ७सी वर. तेही अमेरिकी कोडपेजमध्ये. जर्मन कोडपेजमध्ये ७सी वर कलमाचं चिन्ह येतं आणि ॲट बी५ वर जातं. इथे बंगळुरात लिहिलेला प्रोग्रॅम जर्मनीतल्या मशीनवर चढवला की पत्त्याच्या मधोमध कलमाचं चिन्ह उभं! दुसरी गोष्ट वेळेची. क्यूयूटीसीऑफसेट या सिस्टिम व्हॅल्यूत साडेपाच तास भरले नसतील तर दुपारची मेल रात्रीची दिसते. २००४ च्या व्ही५आर३ पासून त्यासाठी टाइम झोनचीच वेगळी व्हॅल्यू आली.

एवढ्या खटाटोपानंतर जाणार काय? तर रात्रीच्या डे-एंडनंतरचा रिपोर्ट. पूर्वी तो १३२ कॉलमच्या कंटिन्युअस स्टेशनरीवर छापला जायचा, सकाळी शिपाई कार्बन काढून टेबलाटेबलावर वाटायचा. एसएनडीडीएसटीने मेल पाठवायची तर विषयाला ४४ अक्षरं आणि मजकुराला ५,००० एवढीच जागा. फाइल जोडायची तर जुन्या फोल्डरमधून, नाव आठ अक्षरं, टिंब, तीन अक्षरं. १३२ कॉलमच्या ओळी मेलमध्ये तुटून पडत, आकडे भलत्याच रकान्याखाली जात. पीडीएफ करायची साधनं आल्यावर ती तक्रार संपली.

पोस्टेल यांच्या नियमात नसलेली कुलपं नंतर एकेक करून लागली. स्पॅमवाले दुसऱ्याच्या मशीनवरून पत्रं पुढे ढकलू लागले, म्हणून आधी रिले बंद करावा लागला. पाठवणाऱ्याने पासवर्ड द्यावा हा नियम १९९९ मध्ये लिहिला गेला. एएस/४००च्या एसएमटीपीला समोरच्या सर्व्हरसाठी युजर-पासवर्ड ठेवायची जागा पुष्कळ उशिरा, ७.१ आवृत्तीच्या काळात मिळाली. मग पाठवणारा खरा आहे का ते तपासणारे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क आले. ३० मे २०२२ पासून गुगलने नुसत्या पासवर्डाने होणारं जुन्या पद्धतीचं लॉगिन वैयक्तिक खात्यांसाठी बंद केलं. प्रत्येक कुलपाच्या दिवशी कुठेतरी रात्रीचा रिपोर्ट अडला आणि कुणीतरी अपरात्री उठलं.

एका कारखान्यातलं प्रकरण मला विसरता येत नाही. रात्रीचा जॉब एका जुन्या ऑपरेटरच्या प्रोफाइलखाली वर्षानुवर्षं चालत होता. ते निवृत्त झाले, ऑडिटवाल्यांच्या सांगण्यावरून त्यांचं प्रोफाइल काढून टाकलं. जॉब सुरूच होईना, म्हणून घाईने दुसरं प्रोफाइल करून दिलं. जॉब चालला, हिशेब जुळला, पण पुरवठादारांना मेल गेली नाही, आणि सकाळी फाटकावर ट्रक कागदाविना उभे. मला बोलावलं. जॉब लॉगमध्ये एकच ओळ कामाची होती: सीपीएफ९००६, हा युजर सिस्टिम डिरेक्टरीत नोंदलेला नाही. प्रोफाइल काढलं की डिरेक्टरीतली नोंदही जाते, हे त्या काकांना माहीत असणार. त्यांना विचारलंच नव्हतं कुणी. बारा-पंधरा वर्षं जो माणूस रोजची टपाल वेळेवर पोचवत होता त्याच्याबद्दल तिथल्या फाइलीत एक ओळ नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं.

मारतहळ्ळीत ट्रेनिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्या जिकडेतिकडे आहेत, आणि बीड, लातूर, सांगलीकडची मुलं पीजीत राहून इथे शिकतात. त्यांच्यातला कुणी एएस/४००वर लागला तर त्याला माझं सांगणं आहे. पहिल्या आठवड्यात डीएसपीडीआयआरई चालवून डिरेक्टरीची पूर्ण यादी छापून घे. एसएमटीपीच्या सगळ्या व्हॅल्यू कागदावर उतरव. प्रत्येक नोंदीसमोर ती कुणासाठी आणि का आहे हे लिही. जी कळत नाही तिच्यासाठी जुन्या माणसाकडे जा, तो नोकरीत आहे तोवर जा, आणि त्याने जे सांगितलं ते त्याच्या नावासकट लिहून ठेव.