आमवातातील दाहशामक आहार

आमवातातील दाहशामक आहार म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस अर्थात आमवात या विकारात सांध्यांचा दाह कमी होण्यास साहाय्यभूत ठरणाऱ्या अन्नाची निवड होय. आमवात हा स्वयंप्रतिरक्षा विकार असून त्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच सांध्यांच्या आतील अस्तरावर हल्ला करते. हा आहार औषधोपचारास पूरक असतो. तो औषधांचा पर्याय नव्हे.

पार्श्वभूमी

या विकारात प्रामुख्याने हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजतात व सकाळी बराच वेळ आखडलेले राहतात. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट आढळते. वेळेवर उपचार न झाल्यास कूर्चा व हाडे यांची झीज होते आणि ती सहसा भरून येत नाही. आयुर्वेदात ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. आधुनिक वैद्यकात दाहाची पातळी ईएसआर व सीआरपी या रक्तचाचण्यांवरून अजमावली जाते.

आहार व दाह यांचा संबंध

ओमेगा-३ मेदाम्लांपासून शरीरात दाह शमविणारी द्रव्ये तयार होतात. तंतुमय पदार्थांवर आतड्यांतील जिवाणूंची क्रिया होऊन ब्युटिरेटसारखी मेदाम्ले निर्माण होतात. ती आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. याउलट शरीरातील अतिरिक्त चरबी दाहकारक रसायने स्रवते. त्यामुळे वजन आटोक्यात ठेवणे हाही या आहाराचा एक उद्देश असतो.

संशोधन

१९९१ साली नॉर्वेतील संशोधकांनी ‘द लॅन्सेट’मध्ये ५३ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. अल्पकालीन उपवासानंतर वर्षभर शाकाहार घेणाऱ्या गटाची लक्षणे नेहमीचा आहार घेणाऱ्या गटापेक्षा कमी झाली. माशांच्या तेलावरील अनेक चाचण्यांत दररोज सुमारे ३ ग्रॅम ओमेगा-३ घेतल्यास सांध्यांची वेदना व वेदनाशामकांची गरज काहीशी घटल्याचे दिसले. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत भूमध्यसागरी पद्धतीच्या आहाराची सशर्त शिफारस केली. भाज्या, फळे, कडधान्ये, अखंड धान्ये, मासे व ऑलिव्ह तेल हे त्या आहाराचे मुख्य घटक होत. अन्य विशिष्ट आहारपद्धती व पूरक गोळ्या यांची शिफारस मात्र संस्थेने केलेली नाही.

महाराष्ट्रातील अन्नपदार्थ

हे तत्त्व स्थानिक आहारातूनही पाळता येते. कोकण व गोव्यात सहज मिळणारे बांगडा व तारली हे मासे ओमेगा-३ने समृद्ध आहेत; तळण्याऐवजी त्यांचे कालवण करणे अधिक हितकर. शाकाहारींसाठी जवसाची चटणी उपयुक्त असते, मात्र जवसातील ओमेगा-३चा अल्प अंशच शरीरात माशांमधील प्रकारात रूपांतरित होतो. ज्वारी, बाजरी व नाचणीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ आणि पालेभाज्या यांतून तंतुमय पदार्थ मिळतात. फरसाण, बिस्किटे, मैद्याचे पदार्थ व साखरयुक्त पेये मर्यादित ठेवावीत.

प्रचलित समज

वांगी, बटाटे व टोमॅटो ‘वातूळ’ म्हणून सरसकट वर्ज्य केले जातात; परंतु त्यामुळे आमवात वाढतो, यास भक्कम पुरावा नाही. आंबट पदार्थांविषयीही असाच समज आहे. लिंबू व आवळा यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते, आणि आमवाताच्या रुग्णांत रक्तक्षय वारंवार आढळतो. एखादा पदार्थ बाधतो अशी शंका असल्यास तेवढाच काही आठवडे वगळून, पुन्हा सुरू करून फरक नोंदवावा. एकाच वेळी अनेक पदार्थ सोडल्यास कुपोषणाचा धोका संभवतो. ग्लुटेन वर्ज्य करणे सीलिॲक विकारात अनिवार्य असते. आमवातात सर्वांना तसे करण्याची गरज नसते.

दक्षता

हळदीतील करक्युमिन हे द्रव्य वजनाने अवघे काही टक्के असते व त्याचे शोषण अल्प होते. स्वयंपाकातील हळद सुरक्षित आहे. परंतु करक्युमिनच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदविली गेली आहेत. आमवातात दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषधही यकृतावर परिणाम करू शकते. म्हणून अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत आणि मद्यपान टाळावे. या औषधासोबत फॉलिक आम्ल दिले जाते. स्टिरॉइड चालू असताना हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्याने दूध, दही, नाचणी अशा कॅल्शियमयुक्त पदार्थांना महत्त्व येते. आहाराने बरे वाटू लागले तरी औषधे परस्पर बंद करू नयेत; वेदना कमी असतानाही सांध्यांची झीज सुरू राहू शकते.