एक रतल धान्याचा हिशेब

मुंबई इलाख्यात १८७७ च्या जानेवारीत दुष्काळी कामावरच्या मजुरांची मजुरी कमी झाली. हिंदुस्थान सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने नवा दर ठरला: पुरुषाला रोज एक रतल धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी, पोराला आणखी कमी. माणसाला जिवंत ठेवायला किती अन्न लागतं, याचा हा सरकारी हिशेब होता.

तेव्हा माण नदीच्या खोऱ्यात पाऊस नव्हता. आजही इथे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव त्याच दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. आज तिथे लोक सेल्फी काढतात. त्या बांधाची माती डोक्यावरून वाहणारी माणसं अशाच एका हिशेबावर जगत होती.

हा हिशेब तेव्हाच अनेकांना पटला नव्हता. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी लिहून सांगितलं, की कष्ट करणारं शरीर एका रतलावर टिकणार नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांवर निवेदनं धाडली. कित्येक ठिकाणी मजुरांनी कामच सोडलं. त्या दुष्काळात हिंदुस्थानात पन्नास लाखांहून जास्त माणसं गेली.

ही जुनी गोष्ट आज सांगायचं कारण माझ्या फोनमध्ये आहे. तुमच्याही असेल. सोळा तास उपाशी राहा, तारुण्य टिकवा. अमुक कॅप्सूल घ्या, ‘दीर्घायुष्याचं जनुक’ जागं करा. त्याला जोडून आमच्या माणदेशाची कौतुकंही येतात: जुनी माणसं अर्धपोटी राहिली, भाकरी-ठेचा खाल्ला, म्हणून नव्वद वर्षं जगली. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. तिच्या भुकेला कुणी आरोग्याचा मंत्र म्हणायला लागलं, की मला नीट तपासून बघावंसं वाटतं.

या दाव्यात खरं काय आहे, ते आधी पाहू. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना कमी खायला घातलं. ते पोटभर खाणाऱ्या उंदरांपेक्षा जास्त जगले. मात्र या उंदरांच्या खाण्यात कॅलरी कमी असल्या, तरी जीवनसत्त्वं आणि खनिजं पुरेशी होती. त्यांना खडी फोडायची नव्हती आणि पटकीचं पाणी प्यायचं नव्हतं.

माणसावरचा प्रयोग झाला १९४४-४५ मध्ये, मिनेसोटात. अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे रोज सुमारे १५७० कॅलरींवर ठेवलं. एक रतल ज्वारीत साधारण दीड हजार कॅलरी असतात. टेंपलसाहेबांचा वरचा आणा धरला, तरी धान्याचे भाव कडाडलेले असताना त्यात फार काही येत नसे. मिनेसोटातल्या तरुणांचं वजन जवळपास पाव हिश्श्याने घटलं. पाय सुजले, नाडी मंदावली, अंगात थंडी भरली. दिवसभर डोक्यात अन्नाचाच विचार. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. शिवाय त्यांच्या डोक्यावर मातीची पाटी नव्हती.

मग भुकेत शरीर नेमकं करतं काय? याचं एक उत्तर यीस्टमध्ये सापडलं. लुधियानाच्या कृषी विद्यापीठात शिकून अमेरिकेत गेलेले अमर क्लार यांनी सहकाऱ्यांसोबत १९७९ मध्ये यीस्टमधल्या एका जनुकाचं वर्णन केलं. हे जनुक दुसऱ्या काही जनुकांना गप्प ठेवायचं. पुढे त्याचं नाव सर-२ पडलं. १९९९ मध्ये एमआयटीतल्या लिओनार्ड ग्वारेन्टे यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, की या जनुकाची एक जादा प्रत दिली तर यीस्टच्या पेशी जास्त पिढ्या टिकतात. सर-२ च्या कुटुंबातल्या प्रथिनांना सरट्युइन म्हणतात. माणसात ती सात आहेत.

त्यांचं काम समजायला आपलं पेव आठवा. जमिनीतलं पेव भरलेलं असलं, की घरात लग्नं निघतात, ओसरी वाढते. पेवाचा तळ दिसू लागला, की घरधनी नवं काम काढत नाही. आहे ते जपतो, डागडुजी करतो. पेशीतही असा एक हिशेबनीस आहे, एनएडी नावाचा रेणू. अन्न कमी झालं, की अनेक ऊतींमध्ये त्याचं प्रमाण वाढतं आणि सरट्युइनना एनएडीशिवाय काम करताच येत नाही. ती इतर प्रथिनांवरच्या अ‍ॅसिटिल नावाच्या रासायनिक खुणा पुसतात. त्यातून यकृताला निरोप जातो: साठवलेली चरबी जाळ, रक्तातली साखर सांभाळ.

या कामातला एक महत्त्वाचा दुवा मुंबईतच उलगडला. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये उल्लास कोल्थूर-सीताराम यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं, की जेवणानंतर यकृतातल्या सर्ट-१ या सरट्युइनवर साखरेपासून बनलेला एक रेणू चिकटतो. त्यामुळे त्याचं काम आवरतं घेतलं जातं. उपाशीपोटी ते पुन्हा कामाला लागतं. ही उघडझाप बिघडली, तर रक्तातली साखर वाढते. भूक आणि जेवण यांची अदलाबदल शरीराला हवी असते, एवढं यातून नक्की कळतं.

बाजार मात्र याच्या फार पुढे पळाला. २००३ मध्ये द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल सरट्युइनना चेतवतं असा शोध आला. २००८ मध्ये ग्लॅक्सोने सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरला विकत घेतली. २०११ मध्ये दुसऱ्या गटांनी जंत आणि माशांवरचे जुने प्रयोग नीट तुलना ठेवून पुन्हा केले. वाढलेलं आयुष्य दिसेना. २०१२ मध्ये सर्ट-६ जास्त असलेले नर उंदीर जास्त जगल्याचं दिसलं, माद्या नाहीत. कमी खाणाऱ्या माकडांवरच्या दोन मोठ्या अमेरिकी अभ्यासांपैकी एकात आयुष्य वाढलं, दुसऱ्यात नाही. माणसाचं आयुष्य वाढवणारी सरट्युइनची गोळी अजून कुणी सिद्ध केलेली नाही.

आणि आपल्या भुकेचं काय झालं, तेही मोजलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. बायका किडकिडीत, शेतात राबणाऱ्या. बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. हातापायांवर मांस कमी, पण अंगातली चरबी त्या मानाने टिकून. आईच्या पोटात मिळालेली टंचाई बाळाच्या शरीराने अशी लिहून ठेवली होती. अशा शरीराला पुढे शहरातलं खाणं आणि बैठं काम मिळालं, की मधुमेहाचा धोका वाढतो. माणदेशातून मुंबईला आलेल्या कित्येक घरांत हे दिसतं. आईने दगड फोडले, मुलगा पन्नाशीच्या आत साखरेच्या गोळ्या घेतो. माझ्या घरातही तेच आहे.

म्हणून ‘अर्धपोटी राहिली म्हणून नव्वद जगली’ हे वाक्य मला खटकतं. नव्वदीची म्हातारी आपल्याला ओसरीवर दिसते. तिची पाचव्या वर्षी गेलेली भावंडं दिसत नाहीत. ती धरली, तर सरासरी कोसळते.

टंचाईवरचा उपाय याच भागातून आला होता. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाताला काम, मुलांना सुकडी, रेशनला मिलो. मिलो कुणाला आवडली नाही, पण १८७७ सारखी प्रेतं पडली नाहीत. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्याने जेवढं आयुष्य वाचवलं, तेवढं अजून कुठल्याही कॅप्सूलने वाचवलेलं नाही.

तुम्हाला रात्रीचं जेवण लवकर उरकायचं असेल, चार घास कमी खायचे असतील, तर खुशाल खा. ज्याचं पेव भरलेलं आहे त्याला ते परवडतं, कदाचित मानवतंही. घरात कुणी साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांब उपास धरायला लावू नका. साखर एकदम उतरते. गरोदर बाईला आणि वाढत्या पोरांना पोटभर वाढा, डाळ-अंडं-भाजीसकट. आजीच्या भुकेतून घ्यायचा धडा तो एवढाच.