बालकांतील दीर्घकालीन पोटदुखी

शाळकरी वयात महिनोन्महिने पुन्हा पुन्हा उठणारे, मुलाचे खेळणे-शिकणे अडवणारे पोटाचे दुखणे. जॉन ॲप्ले आणि नोरा नेश यांनी १९५८ मध्ये इंग्लंडमधील १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा अशी कळ आलेली मुले त्यात सुमारे ११ टक्के निघाली. दुखते ते बहुधा बेंबीभोवती, आणि बहुतेकांच्या तपासण्यांत काही सापडत नाही. सापडलेच तर ते कारण असतेच असेही नाही. आपल्याकडे सोनोग्राफीच्या अहवालात ‘पोटात गाठी’ दिसल्या की क्षयाच्या शंकेने घर हादरते. पण लहान आकाराच्या अशा लसिकाग्रंथी ठणठणीत मुलांतही दिसतात. तपासणीत काही निघाले नाही म्हणून मूल नाटक करते असे ठरवणे मात्र अन्यायाचे आहे. आतडे आणि मेंदू यांच्यातील मज्जातंतूंची देवाणघेवाण हळवी झालेली असते आणि वायूचा नेहमीचा ताणही मेंदूपर्यंत वेदना बनून पोहोचतो. दुखणे खरेच असते.

पोटदुखी वयाबरोबर जाते, तिची चिंता कशाला, असे म्हणतात. पुरावा वेगळे सांगतो. लहानपणी या दुखण्यासाठी दवाखान्यात आलेल्या ३३२ जणांची तरुणपणी तपासणी करणारा अमेरिकी अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यांपैकी ५१ टक्क्यांना कधी ना कधी चिंताविकार झाला होता, तर निरोगी बालपण असलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होते. नैराश्य अनुक्रमे ४० आणि १६ टक्के. पोट दुखायचे थांबले होते त्यांच्यातही चिंतेचा धोका अधिकच राहिला. दवाखान्यापर्यंत येणारी मुले मुळातच अधिक त्रासलेली असणार, हा आक्षेप रास्त आहे. परंतु १९४६ साली जन्मलेल्या ब्रिटिश मुलांच्या लोकसंख्याधारित अभ्यासातही सततच्या पोटदुखीचा प्रौढपणीच्या मनोविकारांशी संबंध आढळला. आधी चिंता की आधी दुखणे, हे अशा आकड्यांवरून ठरत नाही. तरी त्यामुळे मनाची विचारपूस पुढे ढकलता येत नाही. ती पहिल्याच भेटीत व्हायला हवी.

घरच्यांचे वागणेही दुखण्याच्या बाजूने किंवा विरुद्ध काम करते. २००६ च्या एका प्रयोगात मुलांना पोट तुडुंब भरेपर्यंत पाणी पाजले. पालकांनी दुखण्याचीच चौकशी चालू ठेवली तेव्हा तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या. दुसरा विषय काढला तेव्हा त्या निम्म्यावर आल्या. काळजी करणाऱ्या आईवडिलांना यात दोष देऊ नये, त्यांना पद्धत शिकवावी.

मनाकडे पाहता पाहता शरीराचा आजार निसटेल, ही भीती अनाठायी नाही. वजन घटणे, वाढ खुंटणे, शौचातून रक्त, हिरवी उलटी, रेंगाळणारा ताप किंवा झोपेतून उठवणारी कळ असेल तर सखोल तपासणी झालीच पाहिजे. यांपैकी काही नसेल, तर दुखणे पूर्ण थांबण्याची वाट न पाहता मुलाला शाळेत पाठवावे आणि सोबत बालमानसतज्ज्ञाची मदत घ्यावी.