शाळाबाह्य संगीत परीक्षा

शालेय अभ्यासक्रमाच्या बाहेर, स्वतःच्या आवडीने गायन, वादन किंवा नृत्य शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे श्रेणीवार मूल्यमापन करून त्यांना प्रमाणपत्र अथवा उपाधी देणारी परीक्षापद्धती. शाळेतील इयत्तेशी अशा परीक्षांचा संबंध नसतो. विद्यार्थ्याने कोणत्या गुरूकडे शिकावे, किती काळ शिकावे व कोणत्या श्रेणीपर्यंत जावे, हे बहुतांशी त्याच्या आवडीवर व कुवतीवर अवलंबून असते. महाराष्ट्रात या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रसार अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे झाला. मंडळाचा परीक्षाविषयक कारभार दीर्घकाळ सांगली जिल्ह्यातील मिरज येथून चालत आला असून या चळवळीची मुळेही कृष्णाकाठच्याच संगीतपरंपरेत सापडतात.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सातारा, औंध, मिरज, सांगली, इचलकरंजी, कुरुंदवाड या परिसरात संगीताला संस्थानिकांचा आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेर घराण्याची गायकी कष्टाने संपादन करून ती महाराष्ट्रात रुजविली. मिरज येथे त्यांच्याजवळ अनेक शिष्य तयार झाले. साताऱ्याजवळील किन्हई येथे जन्मलेले अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा हे त्यांच्याच शिष्यपरंपरेतील होत. औंध संस्थानशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि आपले आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ त्यांनी औंध येथे १९४० मध्ये सुरू केलेला संगीतोत्सव पुढेही चालू राहिला. मिरजेत तंबोरे व सतारी तयार करणाऱ्या कारागिरांचीही पिढीजात परंपरा आहे. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. किराना घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांचेही वास्तव्य मिरजेस होते.

मात्र विद्येची ही समृद्धी सर्वांना खुली नव्हती. गुरुगृही राहून, पडेल ते काम करून, गुरूची मर्जी सांभाळीत वर्षानुवर्षे शिकणे हाच राजमार्ग होता. काय व किती शिकवावे, यावर केवळ गुरूचा अधिकार चाले. शिष्याच्या विद्येचे लेखी प्रमाण नसे. ‘अमुक बुवांचा शिष्य’ हीच त्याची ओळख. घरचा व्यवसाय अथवा शाळा सांभाळून गाणे शिकू पाहणाऱ्या मुलाला आणि प्रतिष्ठित घरातील मुलीला हा मार्ग जवळजवळ बंदच होता.

पलुसकरांचे कार्य : ही कोंडी फोडण्याचे श्रेय प्रामुख्याने विष्णू दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांना जाते. त्यांचा जन्म कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी झाला. बालपणी दारूकामाच्या अपघातात त्यांच्या दृष्टीस इजा झाल्याने शालेय शिक्षण खुंटले आणि त्यांना मिरजेस बाळकृष्णबुवांकडे संगीत शिकण्यासाठी ठेवण्यात आले. शाळेच्या वाटेवरून बाजूला पडलेल्या या मुलानेच पुढे संगीताची शाळा काढावी, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. १८९६ मध्ये मिरज सोडल्यानंतर त्यांनी देशभर संचार केला व ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. १९०८ मध्ये मुंबई येथे त्याची शाखा निघाली. ठराविक वेळ, ठराविक शुल्क, क्रमवार पाठ्यपुस्तके, स्वतःची स्वरलेखनपद्धती आणि परीक्षा ही या विद्यालयाची वैशिष्ट्ये होत. संगीत हे दरबारातून व कोठीवरून काढून सभ्य घराच्या दिवाणखान्यात आणावयाचे, तर त्याला शिस्तीची व सामाजिक मान्यतेची जोड हवी, ही त्यांची भूमिका होती.

मंडळाची स्थापना : २१ ऑगस्ट १९३१ रोजी पलुसकरांचे मिरज येथे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. पलुसकरांचे शिष्य तोपर्यंत निरनिराळ्या प्रांतांत विखुरले होते व प्रत्येकाचे विद्यालय स्वतंत्र होते. त्या सर्वांना समान अभ्यासक्रमाने व समान परीक्षांनी जोडणे, हे मंडळाचे मुख्य कार्य ठरले. मिरजेतच जन्मलेले विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) यांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले आणि रागविज्ञान या ग्रंथमालेतून रागांची व बंदिशींची क्रमवार मांडणी केली. मिरजेचेच बा. र. देवधर (१९०१–९०) यांनी मंडळाच्या संगीत कला विहार या मासिकाद्वारे (१९४७ पासून) संगीतविषयक विचारमंथनास व्यासपीठ मिळवून दिले.

परीक्षांचे स्वरूप : प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार या मंडळाच्या परीक्षांच्या प्रमुख पायऱ्या असून प्रारंभिकनंतरच्या पायऱ्यांचे ‘प्रथम’ व ‘पूर्ण’ असे दोन टप्पे पडतात. कंठसंगीत, तबला, सतार, संवादिनी, व्हायोलिन, बासरी तसेच कथक, भरतनाट्यम् इ. विषयांत त्या घेतल्या जातात. वर्षातून दोन सत्रांत, गावोगावच्या मान्यताप्राप्त केंद्रांवर त्या होतात. आरंभीच्या श्रेणींत प्रात्यक्षिकावर भर असतो : अलंकार म्हणणे, यमन, भूप, दुर्गा यांसारख्या रागांतील छोटे ख्याल गाणे, हातावर टाळी-खाली दाखवून तालाचे बोल म्हणणे. पुढे आलाप व ताना, विलंबित ख्याल, रागांची तुलना व स्वर ऐकून राग ओळखणे यांची भर पडते आणि लेखी प्रश्नपत्रिकांत संगीतशास्त्र, इतिहास, तसेच भातखंडे व पलुसकर यांच्या स्वरलेखनपद्धतींचे ज्ञान अपेक्षित असते. बाहेरगावचा परीक्षक येऊन परीक्षा घेतो, हे या पद्धतीचे मर्म होय. शिकविणारा व तपासणारा वेगळे झाल्याने गुरूच्या मर्जीबाहेर विद्येचे एक स्वतंत्र माप उपलब्ध झाले.

अन्य देशांतही या स्वरूपाचे उपक्रम आढळतात. इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल स्कूल्सच्या संयुक्त मंडळाने श्रेणीवार संगीत परीक्षा सुरू केल्या, तर १९५६ मध्ये सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार योजनेत सेवा, कौशल्य, शारीरिक क्षमता व साहसी प्रवास यांची निवड युवकाने स्वतः करावयाची असते. स्पर्धेतील क्रमांकाऐवजी स्वतःच्या प्रगतीला मान देणे, हे सूत्र या सर्वांना समान आहे.

परिणाम व मर्यादा : संगीत शिक्षणाचे क्षेत्र या परीक्षांनी विस्तारले, यात शंका नाही. तालुक्याच्या गावी संध्याकाळी भरणारे संगीतवर्ग त्यांच्या आधारे टिकले. मध्यमवर्गीय घरांतील मुली मोकळेपणाने गाणे शिकू लागल्या. नोकरी करणाऱ्या वा शिक्षण अर्धवट राहिलेल्या व्यक्तीलाही उपाधी मिळविता आली आणि संगीत-शिक्षकाचा व्यवसाय तिच्यासाठी खुला झाला. मैफल ऐकून तिचा रस घेणारा जाणकार श्रोतृवर्ग निर्माण झाला, ही या परीक्षांची कदाचित सर्वांत मोठी कमाई होय.

त्यांवरील आक्षेपही तितकेच जुने आहेत. नेमलेले राग व लिहून घेतलेल्या ताना पाठ करून उत्तीर्ण होता येते. परंतु त्याने गायक घडत नाही. रागाचा विस्तार उत्स्फूर्त असावा लागतो आणि परीक्षेच्या मोजक्या मिनिटांत उत्स्फूर्ततेचे माप घेणे कठीण असते. एकच राग निरनिराळ्या घराण्यांत निरनिराळ्या अंगांनी गायिला जातो; समान अभ्यासक्रमामुळे हे वैविध्य पुसट होण्याचा धोका संभवतो. पलुसकरांच्या कार्याविषयीही, त्यातून तानसेन नव्हे तर ‘कानसेन’ निर्माण झाले, असे म्हटले जाते. तथापि तेच त्यांचे यश होते, असाही पक्ष मांडता येतो.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना माध्यमिक शालान्त परीक्षेत वाढीव गुण देण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने स्वीकारले व २०१७ च्या निकालात त्याचा परिणाम ठळकपणे दिसला. कलेला शालेय व्यवहारात मान मिळाला, हे स्वागतार्ह होय. परंतु जी परीक्षा शाळेच्या बाहेर, आवडीच्या बळावर उभी राहिली, ती शाळेच्याच गुणपत्रिकेचे साधन बनली, तर गुण पदरात पडताच तंबोरा कोपऱ्यात जाण्याची भीती राहते. प्रमाणपत्र हे शिक्षणाचे अंतिम उद्दिष्ट नसून वाटेवरील मैलाचा दगड आहे, ही जाणीव शिक्षक व पालक यांनी जागी ठेवणे, यावरच या परीक्षांचे मोल अवलंबून आहे.